मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म : सुमारे १५४८, हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया, मृत्यू : मे १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा सेनापती, मुख्य प्रधान आणि १६०० नंतरच्या पंचवीस वर्षांतील या राज्याचा प्रत्यक्ष सूत्रधार होता. गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या या हबशी सरदाराने अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यानंतर निजामशाहीची पुन्हा उभारणी केली. राजपद त्याने स्वतःकडे कधीच घेतले नाही. निजामशाही घराण्यातील वारस गादीवर बसवून सैन्य, महसूल व परराष्ट्रव्यवहार मात्र त्याने आपल्या हाती ठेवला. अकबर व जहांगीर या दोन मोगल बादशहांच्या सैन्यांना त्याने गनिमी युद्धपद्धतीने दीर्घकाळ रोखून धरले. भातवडीची लढाई, खडकी या नगराची स्थापना, तेथील भूमिगत नहर आणि जमीनमहसुलाची व्यवस्था ही त्याची विशेष प्रसिद्ध कामे होत.

नाव व पदवी

त्याचे मूळ नाव ‘चापू’ होते, असे समकालीन डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याच्या वृत्तान्तावरून दिसते. ‘अंबर’ हे नाव त्याला बगदादमधील एका मालकाने दिले. ‘मलिक’ ही सत्ता व प्रतिष्ठा दर्शविणारी उपाधी असून ती त्याच्या नावाशी दख्खनमध्ये जोडली गेली. मराठी कागदपत्रांत व लोकव्यवहारात त्याचा निर्देश ‘मलिकंबर’ असाही होतो. हबसाणातून आलेल्या लोकांना दख्खनमध्ये ‘हबशी’ किंवा ‘सिद्दी’ म्हणत. जंजिऱ्याचे सिद्दी याच व्यापक समाजाचा भाग होत.

प्रारंभीचे जीवन

अंबरचे बालपण पूर्व आफ्रिकेत गेले. लहान वयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्राच्या काठावरील मोखा येथे आणि पुढे बगदादमध्ये त्याची विक्री झाली. बगदादचा व्यापारी मीर कासिम याने त्याला शिक्षण दिले. याच काळात तो इस्लामी धर्मपरंपरेत वाढला, हिशेब व कारभार शिकला. नंतर त्याला दख्खनमध्ये आणण्यात आले आणि निजामशाहीचा पेशवा चंगेझ खान याने त्याला विकत घेतले. चंगेझ खान हा स्वतःही हबशी होता व एके काळी गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम-सैनिक होते, असे सांगितले जाते.

दख्खनमधील लष्करी गुलामगिरी ही शेतमजुरीच्या गुलामगिरीहून वेगळी होती. इजिप्तच्या मामलुकांप्रमाणे येथेही परदेशातून आणलेल्या मुलांना शस्त्रविद्या शिकवून सैन्यात घेत. दरबारात त्यांचे नातेवाईक नसत, म्हणून ते मालकाशी एकनिष्ठ राहतील अशी अपेक्षा असे. मालकाच्या मृत्यूनंतर ते बहुधा मुक्त होत, विवाह करीत आणि योग्यतेनुसार वर चढत. म्हणून गुलाम ते पेशवा हा प्रवास तेव्हा विरळ असला तरी अशक्य नव्हता. मात्र माणसाला त्याच्या घरापासून व भाषेपासून तोडून विकणे हेच या व्यवस्थेचे मूळ होते, हे नजरेआड करता येत नाही.

चंगेझ खानाचा मृत्यू १५७४-७५च्या सुमारास झाला. त्यानंतर अंबर मुक्त झाला आणि त्याने विवाह केला. त्याच्या पत्नीचे नाव बीबी करीमा होते. पुढची सुमारे वीस वर्षे त्याने स्वतंत्र लढवय्या म्हणून काढली. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीत होता. तेथे त्याच्या हाताखाली दीडशे स्वारांची लहान तुकडी होती. मनाजोगती बढती न मिळाल्याने १५९५च्या सुमारास तो निजामशाहीत परतला आणि अभंग खान या हबशी सरदाराच्या पथकात दाखल झाला.

निजामशाहीवरील संकट

मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगर शहर वसविले. त्यानंतर शंभर वर्षांत ही राजधानी दख्खनमधील प्रमुख नगरांपैकी एक झाली. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस गादीच्या वारसावरून दरबारात तट पडले. दक्षिणी, हबशी व परदेशी सरदारांच्या या भांडणात एका गटाने मोगलांनाच मदतीस बोलाविले. १५९५ मध्ये शाहजादा मुराद व अब्दुर्रहीम खानखानान यांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. चांदबिबीने किल्ला लढविला. तथापि १५९६च्या तहाने वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. तहानंतरही युद्ध थांबले नाही. शाहजादा दानियालच्या नेतृत्वाखाली मोगलांनी पुन्हा वेढा दिला. वाटाघाटीचा विचार करणारी चांदबिबी फितूर ठरविली गेली आणि तिच्याच लोकांनी तिची हत्या केली. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला. बाल निजामशहा बहादूर याला कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठविण्यात आले.

राजधानी गेली, राजा कैद झाला. तरी राज्य संपले नाही, कारण किल्ल्याबाहेरील मुलूख मोगलांच्या ताब्यात आलेला नव्हता. डोंगरी किल्ले, परगणे व देशमुख-पाटलांची ठाणी अजून निजामशाही सरदारांकडेच होती. मलिक अंबरने आपल्या राजकारणाचा पाया याच वस्तुस्थितीवर घातला.

सत्तेचा उदय

किल्ला पडल्यानंतर अंबरने निजामशाही घराण्यातील एक तरुण वारस शोधून काढला. त्याला परांडा (आता धाराशिव जिल्ह्यात) येथे मुर्तजा निजामशहा दुसरा म्हणून गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला देऊन राजघराण्याशी सोयरीक जोडली. राजाच्या नावाने शिक्का, फर्मान व खुतबा चालू राहिला. त्यामुळे विखुरलेल्या सरदारांना एकत्र येण्यास कायदेशीर आधार मिळाला. स्वतः अंबर पेशवा व वकील-उस-सल्तनत म्हणून कारभार पाहू लागला.

सुरुवातीची वर्षे सोपी नव्हती. १६०२ मध्ये नांदेडजवळच्या लढाईत खानखानानचा मुलगा इरज याने त्याचा पराभव केला. अंबर त्यात जखमी झाला. त्यानंतर खानखानानशी सीमारेषेबाबत समझोता करून त्याने उसंत मिळविली. राज्यातच त्याला राजू दख्खनी हा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता. दौलताबादपासून गुजरातच्या सीमेपर्यंतचा उत्तर भाग राजूकडे, तर दक्षिणेकडील व तेलंगणाकडील भाग अंबरकडे, अशी राज्याची जणू वाटणीच झाली होती. १६०७ मध्ये अंबरने राजूला पकडले आणि त्याचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. त्याच सुमारास राजधानी जुन्नरला आणि पुढे १६१० मध्ये दौलताबादच्या परिसरात नेण्यात आली.

विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाशी त्याने या काळात मैत्री ठेवली. १६०९ मध्ये त्याचा मुलगा फतेह खान याचा विवाह आदिलशाहीतील हबशी सरदार याकूत खान याच्या मुलीशी झाला. मोगलांशी युद्ध करायचे तर दक्षिणेची बाजू सुरक्षित हवी, हे सूत्र त्याने शक्य तोवर सांभाळले. ते सुटले तेव्हा त्याला मोठे संकट सोसावे लागले.

राजा आणि पेशवा

मुर्तजा दुसरा हा नामधारी राजा होता. परंतु त्याला ते मान्य होतेच असे नाही. दरबारातील अंबरविरोधी सरदार राजाच्या भोवती गोळा होत आणि अंबरला वेळोवेळी ते कट मोडून काढावे लागत. व्हान डेन ब्रुके याच्या वृत्तान्तानुसार, राजाच्या दुसऱ्या एका राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची मुलगी म्हणून हिणविले. हे प्रकरण वाढून राजा व राणी दोघेही विषप्रयोगाला बळी पडले, असे हा वृत्तान्त सांगतो. १६१० नंतर गादीवर बुऱ्हाण निजामशहा तिसरा हा बालराजा आला आणि अंबरच्या हयातीत सत्ता पूर्णपणे अंबरकडेच राहिली. एका परदेशी व्यापाऱ्याने ऐकून लिहिलेली ही हकीकत जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तरीही राजपदाचे पावित्र्य राखण्याची भाषा आणि राजाला मुठीत ठेवण्याचा व्यवहार यांतला ताण तिच्यातून स्पष्ट दिसतो.

अंबरने स्वतःच्या नावाने राजवंश का स्थापला नाही, याचे उत्तर दख्खनच्या राजकारणात आहे. सरदारांची व वतनदारांची निष्ठा निजामशाही घराण्याशी होती. दुसऱ्या एखाद्या सरदाराने गादी बळकावली असती, तर बाकीचे त्याला समान दर्जाचा प्रतिस्पर्धी मानून उठले असते. हबशी, मराठे व दक्षिणी मुसलमान यांना एका झेंड्याखाली ठेवणारी गोष्ट राजाचे नाव ही होती. म्हणून अंबरने ते नाव अखेरपर्यंत जपले.

सैन्य व युद्धपद्धती

इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने १६१०च्या सुमारास अंबरच्या सैन्यात दहा हजार हबशी व चाळीस हजार दख्खनी लोक असल्याचे नमूद केले आहे. या दख्खनी लोकांत मराठा घोडेस्वारांची संख्या मोठी होती. मालोजी व विठोजी भोसले, शहाजीराजे, शरीफजी आणि सिंदखेडचे लखुजी जाधवराव ही घराणी कमी-अधिक काळ त्याच्या सेवेत होती.

मोगल सैन्य अवजड होते. जड घोडदळ, हत्ती, तोफखाना, बाजारबुणगे आणि रसदीच्या लांबच लांब रांगा हे त्याचे बळही होते आणि मर्मही. अंबरने उघड्या मैदानावरील मोठी लढाई शक्यतो टाळली. हलके स्वार पुढे पाठवून शत्रूला घाटमाथ्याच्या खडतर मुलखात ओढावे, गवत-दाणा जाळावा, बंजाऱ्यांचे तांडे अडवावेत, रात्री छावणीवर बाण व गोळ्यांचा मारा करावा, आणि शत्रू माघारी फिरू लागला की त्याची पिछाडी तोडावी, अशी ही पद्धत होती. मराठी स्वार तिला अत्यंत अनुकूल होते. प्रदेशाची माहिती, टाकणाची घोडी व थोडक्या शिध्यावर चालण्याची सवय त्यांच्याकडे होती. दख्खनमध्ये ही पद्धत अंबरच्या आधीही वापरात होती. तिला राज्याच्या संरक्षणाची नियमित योजना म्हणून मांडण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते.

मोगलांशी संघर्ष

१६०८ ते १६१० या काळात खानखानानच्या फौजेला मागे रेटून अंबरने अहमदनगरचा किल्ला परत मिळविला. त्यानंतर जहांगीराने दुहेरी चढाईची योजना आखली. अब्दुल्ला खानाने गुजरातेतून नाशिक-त्र्यंबकच्या मार्गाने, तर खानजहान लोदी व राजा मानसिंग यांनी वऱ्हाड-खानदेशाकडून एकाच वेळी दौलताबादेवर यावे, असे ठरले. अब्दुल्ला खान घाईने एकटाच पुढे आला. अंबरच्या स्वारांनी त्याला दिवसरात्र सतावून बागलाणमार्गे गुजरातेत परत हाकलले आणि योजना फसली.

१६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे मात्र अंबरचा पराभव झाला. काही सरदार त्यापूर्वीच मोगलांना जाऊन मिळाले होते. खानखानानचा मुलगा शाहनवाज खान याने खडकीत शिरून नव्या शहराची नासधूस केली. पुढच्याच वर्षी शाहजादा खुर्रम मोठ्या फौजेसह बुऱ्हाणपुरास आला. अंबरने बालाघाटचा प्रदेश व अहमदनगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या मोगलांच्या हवाली केल्या. या यशाबद्दल जहांगीराने खुर्रमला ‘शाहजहान’ ही पदवी दिली. तीन वर्षांत अंबरने गमावलेला बराच मुलूख परत घेतला. १६२१ मध्ये शाहजहान पुन्हा आला, खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली आणि मुलुखाबरोबर खंडणीही देऊन तह करावा लागला. मोठी फौज आली की तह करावा आणि ती परतली की मुलूख परत घ्यावा, असा हा क्रम होता. प्रत्येक तहात अंबर हरल्यासारखा दिसतो. पण त्याच्या मृत्यूपर्यंत मोगलांना निजामशाही संपविता आली नाही.

जहांगीराच्या मनात त्याच्याविषयी किती चीड होती, हे बादशहाच्या आत्मवृत्तातील हेटाळणीच्या शब्दांवरून कळते. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडताना दाखविला आहे. प्रत्यक्षात असा प्रसंग कधीच घडला नाही. रणांगणावर न मिळालेला विजय चित्रात मिळविण्यात आला.

भातवडीची लढाई

१६२२ मध्ये शाहजहानने पित्याविरुद्ध बंड केल्याने दख्खनचे राजकारण बदलले. अंबर व आदिलशहा दोघेही मोगलांची मैत्री मिळवू पाहत होते. मोगल सेनापती महाबत खानाने आदिलशहाची निवड केली. दोन बाजूंनी घेरला गेलेल्या अंबरने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी संधान बांधले, आदिलशाही मुलखात चढाई केली आणि थेट विजापूरला वेढा घातला. मोगलांच्या मदतीसाठी उत्तरेत गेलेला आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मोगल फौज बरोबर घेऊन धावत परतला. अंबर वेढा उठवून अहमदनगरच्या दिशेने मागे सरला.

त्याने लढाईसाठी जागा निवडली ती भातवडी. अहमदनगर शहरापासून सुमारे १६ किलोमीटरवरील हे गाव आज भातोडी या नावाने ओळखले जाते. तेथे निजामशाहीच्या काळात बांधलेला तलाव होता. १६२४च्या पावसाळ्याच्या अखेरीस संयुक्त फौज तेथे येऊन थांबली, तेव्हा अंबरने तलावाचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या तळाकडे गेले. आधीच भिजलेल्या काळ्या जमिनीत हत्ती, तोफा व बैलगाड्या रुतल्या. रसद तोडली गेली, रात्रीचे छापे सुरू झाले आणि उपासमारीने त्रासलेले शिपाई अंबरच्या गोटात येऊ लागले. अखेरच्या हल्ल्यात मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. अनेक मोगल व आदिलशाही सरदार कैद झाले.

या लढाईत शहाजीराजांनी व त्यांच्या भावांनी निजामशाहीकडून पराक्रम गाजविला. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच कामी आले. लखुजी जाधवराव त्या वेळी मोगलांच्या बाजूला होते. म्हणजे सासरे-जावई परस्परविरोधी गोटांत उभे होते. शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात कवींद्र परमानंदाने या युद्धाचे वर्णन केले आहे. परमानंद हा नेवाशाचा असल्याचे मानले जाते. त्यामुळे जिल्ह्यातील लढाईला जिल्ह्याशी नाते असलेला कवीही लाभला, असे म्हणता येईल.

विजयानंतर अंबरने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा दिला, १६२५ मध्ये सोलापूर घेतले आणि विजापूरजवळचे नौरसपूर लुटले. परंतु याच विजयाने त्याच्या गोटात दुरावाही आणला. आपल्या कामगिरीची योग्य दखल घेतली गेली नाही, अशी भावना झाल्याने शहाजीराजे १६२५ मध्ये आदिलशाहीत गेले. वाढत्या मराठा सरदारांना बरोबरीचे स्थान कसे द्यावे, हा प्रश्न अंबरला अखेरपर्यंत सुटला नाही.

महसूलव्यवस्था

सततच्या युद्धाने उजाड झालेल्या मुलखातून सैन्याचा खर्च काढायचा तर शेतकरी गावात टिकला पाहिजे, हे ओळखून अंबरने महसुलाची नवी घडी बसविली. महाराष्ट्रात ती ‘मलिकंबरी धारा’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिची मुख्य अंगे पुढीलप्रमाणे होती :

महसूल मक्त्याने देण्याची पद्धत बंद केली. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरून रयतेकडून मनमानी वसुली करीत असे. तो दुवा काढून टाकण्यात आला.

जमिनीची पाहणी करून तिचा मगदूर व प्रत्यक्ष पीक पाहून आकारणी ठरविली. आरंभी उत्पन्नाचा दोन-पंचमांश भाग धान्यरूपाने घेतला जाई. पुढे सुमारे एक-तृतीयांश उत्पन्नाच्या किमतीइतका आकार रोखीत ठरविण्यात आला.

वसुलीची जबाबदारी गावाकडे, म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांकडे दिली आणि त्यांचे वंशपरंपरागत हक्क मान्य केले. मिरासदारांच्या जमिनीवरील हक्कालाही संरक्षण दिले.

सरकारचा वाटा आजच्या दृष्टीने मोठा वाटेल. पण आकार आधी ठरलेला असणे आणि पीक बुडाले तर त्याचा विचार होणे, यात रयतेला मोठा दिलासा होता. पुणे प्रांतातील दादोजी कोंडदेवांची व पुढे शिवाजी महाराजांच्या काळातील जमीनव्यवस्था या पद्धतीच्या अनुभवावर उभी राहिली, असे इतिहासकार मानतात. ग्रँट डफनेही आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या व्यवस्थेची प्रशंसा केली आहे.

खडकी व नहर

दौलताबादजवळ खडकी या गावाच्या जागी अंबरने १६१० मध्ये नवे नगर वसविले. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून उभारलेला भडकल दरवाजा, नौखंडा महाल व जामा मशिदीचा जुना भाग ही त्याच्या काळातील बांधकामे होत. अंबरच्या मृत्यूनंतर शहराचे नाव फतेहनगर, पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद असे झाले. आता ते छत्रपती संभाजीनगर आहे.

नव्या शहराची खरी अडचण पाण्याची होती. अंबरने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याचे भूजल भूमिगत दगडी बोगद्यांतून शहरात आणले. बोगद्याला बेताचा उतार दिल्याने पाणी कोणत्याही यंत्राविना वाहत येई. हवा खेळती राहावी व गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उभी विवरे ठेवली होती. शहरात पाणी आल्यावर ते उच्छ्वासांतून हौदांत व घरांत पोहोचे. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना अनेक पिढ्यांच्या उपयोगी पडली. मोगलकाळात याच धर्तीवर शहरात आणखी नहरी बांधल्या गेल्या. पाणचक्की येथील नहर मात्र नंतरची असून ती अंबरची नव्हे.

मृत्यू व पश्चात घटना

मे १६२६ मध्ये, वयाच्या सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अंबर मरण पावला. अहमदनगर जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यातील अमरापूर हे त्याच्या मृत्यूचे स्थान असल्याचे सांगितले जाते. त्याची कबर खुलताबाद येथे, त्याने हयातीतच बांधलेल्या घुमटात आहे. जवळच बीबी करीमाचीही कबर आहे. मोगल दरबाराचा इतिहासकार मुतमद खान याने शत्रुपक्षाचा असूनही अंबरच्या युद्धकौशल्याचा, न्यायबुद्धीचा व कारभाराचा मोकळ्या मनाने गौरव केला आहे.

अंबरनंतर फतेह खान पेशवा झाला. परंतु पित्याची समज त्याच्यात नव्हती. १६२९ मध्ये निजामशहाने लखुजी जाधवरावांची दौलताबादेत हत्या करविली आणि मराठा सरदार दुरावले. फतेह खानाने पुढे निजामशहालाच ठार करून एक बालराजा गादीवर बसविला आणि १६३३ मध्ये दौलताबाद महाबत खानाच्या स्वाधीन केले. त्यानंतर शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातील पेमगिरी येथे निजामशाही घराण्यातील एका मुलाला मुर्तजा तिसरा म्हणून गादीवर बसवून राज्य चालविले. वारस शोधून त्याच्या नावाने सत्ता उभारण्याचा हा मार्ग अंबरनेच ३३ वर्षांपूर्वी परांड्याला घालून दिला होता. शाहजहान व आदिलशहा यांच्या एकत्रित दबावापुढे १६३६ मध्ये हा प्रयत्नही संपला आणि निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घेतला.

मूल्यमापन

अंबरविषयीचे मत लिहिणाऱ्याच्या बाजूप्रमाणे बदलत आले आहे. जहांगीराला तो बंडखोर वाटला, मुतमद खानाला आदर्श सेनानी. ग्रँट डफने त्याच्यातील प्रशासकाला महत्त्व दिले. विसाव्या शतकात राधेश्याम व भा. गो. तामसकर यांनी त्याची सविस्तर चरित्रे लिहिली. रिचर्ड ईटन यांनी दख्खनच्या सामाजिक इतिहासात त्याच्या जीवनाचा लष्करी गुलामगिरीच्या संदर्भात विचार केला. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या जगभरच्या इतिहासातही आता त्याचा अभ्यास होतो. हाशिम या चित्रकाराने काढलेले त्याचे वृद्धपणीचे व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

त्याला ‘मराठ्यांचा गुरू’ म्हणणे किंवा स्वराज्याचे सर्व श्रेय त्याच्याकडे देणे ही अतिशयोक्ती होय. मराठा घराण्यांना स्वतःची लष्करी परंपरा होती आणि अंबरच्या विजयांत त्यांचा वाटा मोठा होता. तरीही त्याच्या सेवेत या घराण्यांना मोगलांशी लढण्याचा दीर्घ अनुभव मिळाला, मोगल अजिंक्य नाहीत हे कळले आणि राज्य सैन्याइतकेच शेतावर उभे असते हे पाहायला मिळाले.

त्याच्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष तिच्या यशातच होता. राजाला दुबळे ठेवल्याने सारे अधिकार एका माणसात साठले. तो माणूस गेल्यावर ते पेलणारी संस्था किंवा परंपरा उरली नाही. म्हणून पंचवीस वर्षे टिकविलेले राज्य त्याच्यामागे दहा वर्षांत नाहीसे झाले. टिकली ती धाऱ्याची पद्धत, कारण ती पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात उतरली होती, आणि नहर, कारण तिच्या पाण्यावर शहर जगत होते.

अहमदनगर जिल्ह्यातील संबंधित स्थळे

२०२४ मध्ये अहमदनगर शहर व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. अंबरच्या इतिहासाशी निगडित पुढील स्थळे या जिल्ह्यात आहेत :

अहमदनगरचा भुईकोट किल्ला : १६०० मध्ये मोगलांकडे गेलेला, अंबरने परत मिळविलेला व १६१७ मध्ये पुन्हा सोडावा लागलेला.

भातोडी : १६२४च्या लढाईचे ठिकाण, नगर तालुका.

अमरापूर : अंबरच्या मृत्यूशी परंपरेने जोडले गेलेले गाव, शेवगाव तालुका.

पेमगिरी : शहाजीराजांनी अखेरच्या निजामशहाला गादीवर बसविले ते स्थान, संगमनेर तालुका.